तुळईखालची पट्टी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा तो सुकवणीच्या खोलीत तागाच्या जुड्या टांगत होता. "लवकर या," एवढंच नर्स म्हणाली, पण तिच्या आवाजावरून त्याला कळायचं ते कळलं. किरकोळ ऑपरेशन आहे, परवा घरी येते, असं सांगून बायको गेली होती. भागीदाराने त्याच्या हातातून भट्टीची किल्ली घेतली. "तुम्ही निघा, भाऊ. इथलं मी बघतो."

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. तागाचे थर रेझिनमध्ये भिजवून दाबायचे आणि त्याचे तक्ते नि पट्ट्या करायच्या. तक्ते छताखाली लावले की उन्हाचा ताप अडतो. पट्ट्या तडकलेल्या तुळईला खालून चिकटवल्या की तिला बळ येतं. पण ताग कोरडा ठणठणीत हवा. ओल राहिली तर थर आतल्या आत सुटतात आणि वरून काही म्हणता काही दिसत नाही.

ताग विंचरायची बायको, आणि सुकला की नाही हेही तीच ठरवायची. जुडी गालाला लावायची. गार लागली की परत आत. "तुमचे हात म्हणजे पायताणं झालीत," ती त्याला नि भागीदाराला म्हणायची. "त्यांना काय ओलं नि काय सुकं!"

फोन आला तेव्हा तो टांगत होता तो लॉट तिने दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी विंचरला होता. त्याच्या पट्ट्या लेकीच्या घरी तुळईला लागल्या.

पुढे काही महिन्यांनी चहा पिताना भागीदार सहज बोलून गेला, "तुम्ही दवाखान्यात धावलात त्या दिवशी माझी नुसती तारांबळ उडाली होती. हाताला कोरडा लागला ताग, घेतला दाबून."

"हाताला?"

"मग? गाल कुणाचा आणू?" म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

तो चहा तसाच टाकून लेकीकडे गेला. स्टुलावर चढला आणि किल्लीने पट्टी वाजवत सरकू लागला. टणटण, टणटण. मधोमध आल्यावर भद्द. पुन्हा वाजवलं. भद्दच. आत थर सुटले होते. बरोबर खाली नातीचा पाळणा होता.

"पाळणा उचल."

"अहो बाबा, आत्ता कुठे झोपलीये ती. उठली तर तुम्ही सांभाळणार का?"

"उचल म्हणतो ना!"

तो लेकीवर असा कधी ओरडला नव्हता. तिने पोरीला उचललं. त्याने सगळं सांगितलं. तिने वर पट्टीकडे बघितलं.

"काढली तर अख्खी निघेल?"

"नाही. कापावी लागेल. चिंध्या होतील."

"आईच्या हातचा शेवटचा ताग आहे तो. इथे झोपलं की वाटतं, आई डोक्यावर आहे."

"डोक्यावर पडेल तेव्हा काय वाटेल?"

लेक रडायलाच लागली. "आई असती तर तुम्हाला असं बोलू दिलं असतं?"

"ती असती तर ओला ताग दाबू दिला असता?" तो म्हणाला, आणि स्टुलावरून खाली उतरला.

संध्याकाळी जावयाने लोखंडी टेकू आणले. दोघांनी मिळून ते तुळईखाली घट्ट बसवले, पाळणा आतल्या खोलीत नेला आणि या खोलीला कुलूप घातलं.

आता कामावरून सुटला की तो तिथे जातो. कुलूप काढतो, पट्टी वाजवतो. भद्द आवाज वीतभर पुढे सरकला आहे. तो करवत घेऊन शिडीवर चढतो. पट्टीच्या कडेला एके ठिकाणी तागाच्या बटा रेझिनबाहेर राहिल्यात, सरळ विंचरलेल्या. त्या दिसल्या की तो खाली उतरतो. दाराशी पोरीला कडेवर घेऊन लेक उभी असते. नवी पट्टी भिंतीला टेकून तयार आहे. जुनी उतरवायची राहिली आहे.