सेंटर फॉरवर्डची वाटणी

नागप्पांनी हॉकीची काठी आडवी मांडीवर घेतली, जवसाच्या तेलात बुडवलेला बोळा मुठीवर टेकवला आणि हात तिथंच थांबवला. बोळा वाटीत टाकून त्यांनी मूठ नाकाशी नेली. हुंगली. पुन्हा हुंगली. चाळीस वर्षं तेलाच्या घाण्यावर काढलेल्या माणसाला नाक फसवत नसतं. मुठीला तूप होतं.

“मल्लम्मा,” त्यांनी आत हाक मारली, “ह्या काठीला कुणी हात लावला?”

मल्लम्मा पदराला हात पुसत ओसरीवर आली. नवऱ्याच्या हातातली काठी तिनं घेतली आणि वास बघितला.

“म्हशीचं हाय,” ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. “आमच्या अणदूरचं दिसतंय. मेथी टाकून कढवलेलं.”

“कशावरनं?”

“माहेरचं तूप वळखू नये व्हय म्या?”

ओसरीवर अकरा काठ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. दर मॅचच्या आदल्या दिवशी गावातल्या कापसाच्या जिनिंगच्या हॉकी संघाच्या काठ्या अशा त्यांच्याकडे येत, आणि ते एकेकीला घरच्या घाण्याचं जवसाचं तेल स्वतःच्या हातानं जिरवत. आठ वर्षांत हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं, मुलालाही नाही. नळदुर्गात कुणी गोल मारला की मैदानाकडेला बसलेले लोक आधी त्यांच्याकडे बघत, आणि नागप्पा मान खाली घालून उपरण्याचं टोक झटकत. मिजास म्हणावी तर तेवढीच.

आणि आता शिवशरणच्या काठीला तूप. बाकीच्या दहा काठ्यांना काही लागलं असतं तर त्यांनी पुसून टाकलं असतं. पण ही शिवशरणची होती.

शिवशरण गुलबर्ग्याकडचा. मालकांनी त्याला दोन वर्षांपूर्वी पगारावर आणला होता. जिनिंगच्या हजेरीपटावर तो फिटर होता, पण सरकी कुठून पडते हेही त्याला ठाऊक नसावं. अकराच्या अकरा खेळाडू असेच कागदावर फिटर, ऑइलमन आणि जमादार होते. कामाला मात्र हॉकी. त्यांच्यात सेंटर फॉरवर्ड शिवशरण. चेंडू त्याच्या काठीला लागला की सुटायचं नाव घेत नसे. पहिल्याच मॅचला त्यानं तीन गोल मारले आणि नागप्पा त्याला हाताला धरून घरी घेऊन आले. मल्लम्मानं गव्हाची गोड हुग्गी केली होती. पाटावर बसलेल्या त्या पोराला आग्रह करकरून वाढताना नागप्पांचे डोळे भरून आले होते, आणि ते चुलीच्या धुरावर ढकलून त्यांनी वेळ मारून नेली होती.

तेव्हापासून जिंकलं की हुग्गी, असं ठरूनच गेलं.

पण यंदाचं वर्ष विचित्र होतं. तालुकदारांच्या ढालीच्या आठ मॅच झाल्या, चार जिंकल्या, चार गेल्या. तीही सरळ नाही. तुळजापूरला लोळवलं, आणि आठ दिवसांनी लोहाऱ्याच्या पोरांनी, ज्यांच्या निम्म्या काठ्या बाभळीच्या तासलेल्या होत्या, त्यांनी ह्यांची पार अब्रू काढली. उमरग्याला जाऊन पाच गोल चढवले, आणि परतून घरच्या मैदानावर, बोरी नदीच्या काठी, आपल्याच माणसांदेखत हरले. बैलामागं घाण्याभोवती फिरताना नागप्पांच्या डोक्यात त्या आठ मॅच फिरत. कधी त्यांना वाटे, गोलकीपर जाड झाला. कधी वाटे, मालकांनी नवे बूट दिले तिथंच चुकलं. अनवाणी होते तेव्हा हरणासारखे पळत. एकदा त्यांनी घाणा मध्येच थांबवून नुसतं उभं राहून विचार केला होता, आणि बैल चकित होऊन मागं वळून बघत राहिला होता. कारण सापडत नव्हतं. मनाला तेच खात होतं. चांगला संघ वाईट झाला तर माणूस समजू शकतो. एका शनिवारी चांगला आणि दुसऱ्या शनिवारी वाईट, ह्याला काय म्हणायचं?

आता त्यांना कारण सापडलं होतं. ते नाकापाशी होतं.

“तुला म्हायती होतं,” ते बायकोला म्हणाले.

मल्लम्मानं काठी भिंतीला टेकवली. “महांतदादा सांगत होता. पोरगं येतंय म्हणला कवाकवा. जेवतं, मुक्काम करतं, सकाळी जातं.”

“आन् तू बोलली न्हाईस.”

“तुमी असं तोंड कराल म्हणूनच.”

महांतप्पा म्हणजे मल्लम्माचा चुलतभाऊ. अणदूरचा मोठा शेतकरी, दावणीला सहा म्हशी, आणि बोलणं असं की समोरच्याला आपणच काहीतरी विसरलोय असं वाटावं. तो मॅच बघायला येई तेव्हा सावलीत बैलाची दमणी सोडून तिच्यातच आरामात लोळून बघे. गोल झाला तरी उठत नसे. अशा माणसाला हॉकीतलं काय कळतं, असं नागप्पा नेहमी म्हणत. आणि नेमका तोच माणूस त्यांचं पोर त्यांच्या नकळत पळवून नेत होता. अणदूरकरांची ही जुनीच खोड, नागप्पांना वाटलं. खंडोबा दोन्ही गावांचा, पण वर्षातले बहुतेक महिने राहायला त्यांच्याकडे. नळदुर्गात देव पाहुण्यासारखा येतो, तोही ठरलेल्या मुदतीपुरता, दोन्ही गावच्या मानकऱ्यांनी लेखी करार करून.

पौष चालू होता, देव नळदुर्गात होता आणि महांतप्पा आज दर्शनाला येणार हे मल्लम्माकडून कळलं होतं. नागप्पांनी डोक्याला पटका गुंडाळला. काठी तशीच काखेत मारली आणि ते देवळाकडे निघाले.

महांतप्पा दर्शन घेऊन सभामंडपाच्या पायरीवर बसले होते. कपाळाला भंडारा, शेजारी खोबऱ्याचे तुकडे.

“या दाजी,” ते सरकून बसले. “काठी घिऊन देवाला? नवस हाय का काय?”

नागप्पांनी काठी त्यांच्यापुढे धरली. “हे काय?”

“काठी हाय.”

“मुठीला तूप हाय तुमचं.”

“असंल की.” महांतप्पांनी खोबरं तोंडात टाकलं. “हात फुटलं हुतं त्या लेकराचं. लोहाऱ्याच्या येळंला. रगत निघत हुतं, मग बसून चोळलं तूप. परवाबी चोळलं. हात तसाच काठीला लागला असंल.”

“तेल जिरतंय, तूप न्हाई. काठीला तूप लागलं तर ती सुटती हातातनं! गोल होतील कसं? तुमच्या तुपापायी आमची लोहाऱ्याची गेली!”

“लोहाऱ्याच्या मागनं लावलं की, दाजी.”

नागप्पा थबकले. खरं होतं ते. पण ते खरं असल्यानं त्यांचा राग उणा झाला नाही, उलट त्याला बसायला जागा उरली नाही. शिवशरणचे हात फुटले होते हे त्यांना माहीत नव्हतं. आठ वर्षं ते काठ्यांना तेल लावत होते, आणि हात दुसऱ्याच माणसानं बघितले होते.

“त्यो आमचा हाय,” ते एकदम म्हणाले. आवाज थोडा चढलाच. दोन बायका वळून बघून गेल्या. “म्या आनला त्याला घरी. पयल्या दिवशी. तुमी तवा कुठं हुता?”

महांतप्पांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग हसून म्हणाले, “बरं बाबा. देव वाटून घेतो आपुन, सेंटर फॉरवर्ड वाटून घ्यायला काय हुतंय? करा करार.”

ते गमतीनं बोलले होते. पण नागप्पांच्या मनात ते पक्कं रुतलं. ज्या गावात देवासारखा देव कागदावर राजीखुशीनं इकडून तिकडं जातो, तिथं एका माणसाचा बंदोबस्त व्हायला काय हरकत? वाटणी झाली की चोरी संपली. शिवाय कागद लिहायचा म्हणजे तो तेच लिहिणार. त्यांचं मोडी अक्षर वळणदार होतं आणि महांतप्पा सहीपुरते शिकलेले.

त्यांनी गुरवाकडून दौत, बोरू आणि कागद मागून आणला, पायरीवर बैठक मारली आणि काठी शेजारी आडवी ठेवली.

“बोला,” ते म्हणाले.

“खरंच लिवताय?”

“मग काय चेष्टा करतोय?”

महांतप्पा मांडी घालून सावरून बसले. अर्धा तास दोघं बोलत होते. नागप्पा प्रत्येक कलमाला भांडायच्या तयारीनं बसले होते, पण भांडण होईना. मॅचच्या आदल्या दिवशी काठीला तेल नागप्पांचं. महांतप्पा म्हणाले, घ्या. मैदानावर जाताना कपाळाला विभूती नागप्पांच्या घरची, घ्या. सोमवारचं जेवण अणदूरला. नागप्पांनी बरीच खळखळ करून ते सोडलं. जिंकल्या दिवशीची हुग्गी मात्र नळदुर्गाबाहेर जाणार नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

“घ्या की,” महांतप्पा म्हणाले. “जिंकल्यालं सगळं तुमचं.”

इतक्या सहज सुटलेलं पाहून नागप्पांना आधी संशय आला आणि मग गर्व वाटला. बघितलं का, मनात ते म्हणाले, शेवटी हक्क तो हक्क. त्यांनी ते कलम जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.

तेवढ्यात शिवशरण आला. उद्या लातूरशी मॅच म्हणून तो देवाच्या पाया पडायला आला होता. दोघांना एकत्र बघून तो दारातच घुटमळला. मग आत जाऊन पाया पडून बाहेर आला आणि खालच्या पायरीवर बसला. चोवीस वर्षांचा तो उंच, हाडकुळा गडी, दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवून बसला होता.

“काका, माझी काठी इथं?”

“बस. ऐक,” नागप्पा म्हणाले, आणि त्यांनी कागद पहिल्यापासून वाचून दाखवला. अशी लिखापढी त्यांना शोभत असे. ‘सदरहू इसम’ आणि ‘उभयपक्षी’ म्हणताना त्यांचा आवाज भारदस्त झाला. महांतप्पा अधूनमधून मान हलवत होते आणि हसू दाबत होते.

शिवशरण मात्र हसला नाही. तो सगळं शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होता, मालकांनी मॅचच्या आधी कोण कुठं उभा राहणार ते सांगावं तसं.

“काका,” तो म्हणाला, “जिंकलं तर तुमच्याकडं. मग हरलं तर?”

नागप्पांनी बोरू हवेत फिरवला. “हरायची बात कशाला? नीट खेळ की. उद्या लातूरला…”

“चार येळंला हरलो की.”

“म्हणून तर हे सगळं! हरायचंच न्हाय आता.”

“पन हरलं तर? त्या दिवशी मी कुनाचा?”

नागप्पांनी तोंड उघडलं. त्यांना सरळ म्हणायचं होतं, माझाच. पण त्या चार संध्याकाळी त्यांनी काय केलं होतं ते एकदम आठवलं. मैदानावरून ते कुणाशी न बोलता घरी आले होते, कडी लावून भिंतीकडं तोंड करून पडले होते. दारावर थाप पडली तेव्हा मल्लम्माला त्यांनी हातानंच उठू नको म्हणून सांगितलं होतं. मजुरी बुडाल्यासारखं दुःख त्यांनी एकट्यानं भोगलं होतं. तेव्हा आपल्यापेक्षा कुणाला जास्त लागलं असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

“लिवा दाजी,” महांतप्पा म्हणाले. आता ते हसत नव्हते. “त्या दिवशी अणदूर.”

“तसा मी जातोच,” शिवशरण म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “तुमचं दार लावल्यालं असतंय, काका. मग चालत जातो. हे अन्ना काय इचारत न्हाईत. म्हशीपाशी बसू देत्यात.”

आत गुरव समईत तेल घालत होता. नागप्पांनी कागदाकडं बघितलं. मोठ्या अक्षरातलं कलम डोळ्यांना खुपत होतं. आठातल्या चार मॅच त्यांनी दोनदा बजावून मागून घेतल्या होत्या आणि उरलेल्या चार महांतप्पांना न मागता मिळाल्या होत्या. आणि त्या चारांतच सगळं होतं, हे त्यांना आता कळत होतं. इतका हेवा त्यांना आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता, महांतप्पांच्या सहा म्हशींचाही नाही. त्या चारांतली एक तरी मागून घ्यावी असं वाटलं, पण कोणत्या तोंडानं मागणार?

त्यांनी बोरू दौतीत बुडवला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. ‘हरल्या दिवशी सदरहू इसम अणदुरी राहील. त्यास नळदुर्गकरांची हरकत नाही.’

शाई वाळेपर्यंत ते कागदावर फुंकर घालत राहिले. मग त्यांनी कागद महांतप्पांपुढे सहीसाठी सरकवला, पण त्याच्यावरचा हात काही काढेनात.

“आन् बरोबरीत सुटली तर?” त्यांनी विचारलं.

महांतप्पा काहीतरी म्हणायला गेले. पण नागप्पा त्यांच्याकडं बघतच नव्हते. ते शिवशरणला विचारत होते.