खुणेपर्यंत पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि कडांवर मिठाची पांढरी पुटे चढली आहेत. पुढच्या काचेवर, डाव्या बाजूला, शिंप्याच्या टेपचा बोटभर तुकडा चिकटवलेला आहे. त्यावरचे आकडे केव्हाच पुसून गेले. पण माझी सगळी गोष्ट त्या तुकड्यापाशी येऊन थांबते, म्हणून आधी तो दाखवला.

माझा जन्म काचकामाच्या एका गाळ्यात झाला. कारागिराने काच कापली, कडा घासल्या आणि पाच तुकडे चिकटवून मला उभे केले. मग मला काठोकाठ भरून खाली वर्तमानपत्र अंथरले. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा निघाला तेव्हा तो हसून म्हणाला, "पास!" तिथून मी शोभेच्या माशांच्या दुकानात आले.

एके दिवशी दुकानात एक आजोबा आणि त्यांची नात आली. आजोबा शिंपी होते. काम थांबवले होते, पण गळ्यातला टेप काही उतरला नव्हता. नात सहावीत होती. सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असे, म्हणून घरीदारी सगळे तिला मुंगी म्हणत. आजोबांनी टेप काढून माझी लांबी, रुंदी, उंची मापली आणि गंभीरपणे म्हणाले, "छाती भरदार आहे. बाह्या तेवढ्या लावायच्या राहिल्या." मुंगी खुदकन हसली. मला ती दोघे तेव्हाच आवडली.

दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारले, "गोड्या पाण्यातले मासे ठेवणार की खाऱ्या?"

"मला समुद्रच हवाय," मुंगी म्हणाली. "प्रवाळ असलेला."

"समुद्राला घाई चालत नाही बरं. आधी पाणी, वाळू, दगड. मग थांबायचं. आणि थांबून झालं, की अजून थांबायचं."

"ते जमेल आम्हाला," आजोबा म्हणाले. "गिऱ्हाइकं आयुष्यभर माझ्यासाठी थांबली. आता जरा मी थांबतो."

घरी मला आजोबांच्या कापड बेतायच्या जुन्या मेजावर ठेवले. बाबा छापखान्यातून दमून आले आणि दारातच उभे राहिले. "माणसांना पाय पसरायला जागा नाही, आणि माशांना बंगला!"

"असू द्या हो," आई म्हणाली. "टीव्हीपेक्षा आवाज कमी."

मुंगीने वाळू धुतली. बादलीत मोजून मीठ विरघळवले. पाणी खेळते ठेवायला छोटा पंप लावला, ऊब राखायला काचेची नळी बसवली. समुद्रातून आलेले खडबडीत दगड आजोबांनी असे रचले की मध्ये एक गुहा झाली. त्या दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. माशांची घाण पचवण्याचे काम तेच करतात. ते वाढून पाण्यात नांदू लागेपर्यंत एकही मासा सोडायचा नसतो. नवशिके इथेच घाई करतात आणि मासे हकनाक मरतात. मुंगीने घाई केली नाही. काचेवर, दगडांवर तपकिरी शेवाळ चढले, मी अगदी ओंगळ दिसू लागले, तरी ती थांबली.

"वा, गटार छान जमलंय!" बाबा म्हणाले.

"ही कच्ची शिलाई आहे," आजोबांनी उत्तर दिले. "गिऱ्हाइकानं मध्येच तोंड घालू नये."

मग शेवाळ ओसरले. गोगलगायी आल्या. त्यांच्यामागून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आले. आजोबांनी त्यांची नावे बटण आणि काज ठेवली, कारण एक दिसला की दुसरा जवळच असे. शेवटी एक हिरवे, मऊ प्रवाळ आले. दिवा लागला की ते बोटे उघडल्यासारखे फुलायचे आणि पाण्याबरोबर डुलायचे. आजोबा स्टूल घेऊन माझ्यासमोर बसत. मुंगी शाळेतून आली की दप्तर खाली टाकून त्यांच्या मांडीला टेकून बसे. बटण काय करतो, काज कुठे लपला, यावर दोघांच्या गप्पा चालत. ते माझे सोन्याचे दिवस होते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. माझ्यातले पाणी रोज थोडे उडून जाते, पण मीठ उडत नाही. ते माझ्यातच राहते. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालायचे असते. खारे घातले, तर मिठावर मीठ चढत जाते. मालकीणबाईंनी हे मुंगीला समजावले, तेव्हा ती एकटीच दुकानात गेली होती. मेजाखाली दोन सारखे पांढरे डबे असत. डाव्यात गोडे पाणी, रोज भर घालायला. उजव्यात खारे, अधूनमधून पाणी बदलायला. मुंगीला ते डोळे मिटूनही ओळखता येत, त्यामुळे डब्यांवर काही लिहावे असे तिला वाटलेच नाही. आजोबांनी मात्र टेपचा एक तुकडा कापून पाण्याच्या पातळीवर चिकटवला होता. "याच्या खाली पाणी गेलं, की माप चुकलं," असे ते म्हणत.

सुट्टी लागली आणि मुंगीच्या मावशीचा पाय मोडला. आई आणि मुंगी महिनाभर तिच्याकडे निघाल्या. बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती. मुंगी एका पायात चप्पल घालून दारातून ओरडली, "आजोबा, दाणे चिमूटभरच! आणि रोज खुणेपर्यंत पाणी घाला!"

"घालतो गं. एक सूत इकडे नाही, की तिकडे नाही."

कोणते पाणी, ते तिने सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. मी दोघांच्या मध्ये उभी होते, आणि मी सगळे ऐकले.

आजोबांनी दोन्ही डब्यांत बोट बुडवून चव घेतली. "हे फिकं. हे खारं. म्हणजे हे आपल्या समुद्राचं," असे म्हणून त्यांनी उजवा डबा पुढे ओढला. रोज सकाळी चष्मा पुसून ते खुणेपर्यंत खारे पाणी घालत. डबा संपला तेव्हा मुंगीचे पाहून पाहून शिकल्याप्रमाणे त्यांनी स्वतः मीठ कालवले, पेल्यातले मीठ बोटाने सपाट करून. त्यांच्या हातून थेंबभरही चूक झाली नाही. मित्रांनो, इतक्या मनापासून, इतक्या मापात केलेली चूक मी दुसरी पाहिलेली नाही.

माझ्या कडा पांढऱ्या होऊ लागल्या. गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. प्रवाळाने बोटे मिटून घेतली. मी काय करणार? मला आरपार पाहता येते, पण बोलता येत नाही.

मुंगीचा फोन यायचा. "पाणी घालताय ना?"

"अगदी खुणेपर्यंत. बटण जरा मंदावलाय गं. तुझी आठवण येत असेल."

"उकाडा असेल हो, आजोबा."

तेवढ्यावर फोन बंद व्हायचा.

मुंगी परतली त्या सकाळी काज वाळूवर मरून पडला होता. प्रवाळ राखाडी झाले होते. पाण्यातले मीठ मोजायचे तिचे एक छोटे, काटा बसवलेले भांडे होते. त्यात माझे पाणी भरताच काटा वर चढला आणि पार टोकाला जाऊन अडकला.

"तुम्ही खारं पाणी घातलंत?"

"समुद्रच ना तो?" आजोबा म्हणाले. "समुद्रात गोडं पाणी कोण ओततं, मुंगे?"

"इतकं साधं कळत नाही तुम्हाला? तुमच्यामुळे मेले सगळे! तुम्ही हात लावायलाच नको होता!"

आई म्हणाली, "मुंगी, पुरे." बाबांनाही त्या दिवशी विनोद सुचला नाही. आजोबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "माप चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. त्यांनी माझ्यासमोरचे स्टूल उचलले आणि गॅलरीत नेऊन ठेवले.

मुंगी रडत दुकानात गेली. पुढे काय झाले, ते तिने संध्याकाळी आईला सांगताना मी ऐकले. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "अजून एक मासा जगेल. पण मीठ एकदम उतरवू नकोस, तो धक्क्यानं मरेल. थोडं खारं काढ, थोडं गोडं घाल. रोज थोडं थोडं." आणि मग त्यांनी विचारले होते, "कोणतं पाणी घालायचं, ते आजोबांना सांगितलं होतंस ना?"

"मग तू काय म्हणालीस?" आईने विचारले.

मुंगीने खाली वाकून मेजाखालचे ते दोन सारखे डबे आणखी आत ढकलले.

त्यानंतर बटण हळूहळू सावरला. मुंगी गॅलरीच्या दारापर्यंत जायची, उभी राहायची आणि परत यायची. एकदा तिने हाक मारली, "आजोबा, बटण बघा कसा पोहतोय!" गॅलरीतून आवाज आला, "तू बघ गं. माझं नको." ती तशीच माझ्यापाशी परत आली. उद्या सांगू, असे तिला वाटले असेल. पुढे शाळा, कॉलेज, मग परगावची नोकरी. बटण दुकानातल्या मोठ्या टाकीत गेला. मी रिकामी होऊन माळ्यावर गेले आणि माझ्यात जुनी लोकर भरली गेली. वर्षांमागून वर्षे गेली. तो उद्या काही उगवला नाही.

गेल्या महिन्यात मला कोणीतरी खाली उतरवले. पाहते तो मुंगी! तिच्या केसांत एखादी रुपेरी तार चमकत होती. तिने माझ्यातली लोकर काढली, मला धुतले, पण टेपचा तुकडा काढला नाही. त्याच मेजावर पुन्हा वाळू आली, दगड आले, खारे पाणी खुणेपर्यंत चढले. डबेही दोन आले, पण आता त्यांच्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते: गोडे, खारे.

मग तिने आजोबांना हाताला धरून आणले आणि स्टुलावर बसवले. ते फार वाकले होते. मुंगीकडे पाहून अदबीने म्हणाले, "तुमचा ब्लाऊज तयार आहे बाई. संध्याकाळी घेऊन जा."

मुंगी त्यांच्यापुढे खाली बसली. "आजोबा, मी मुंगी. चूक माझी होती. कोणतं पाणी घालायचं, ते मी सांगितलंच नव्हतं. आणि वर तुम्हालाच बोलले."

"कुठलं पाणी?" आजोबांनी विचारले.

बटण नाही, काज नाही, प्रवाळ नाही, मुंगीसुद्धा नाही. त्यांना काही आठवत नव्हते. मुंगीने त्यांचा हात धरून माझ्या काचेकडे नेला. तो हात चटका बसल्यासारखा मागे आला.

"नको, नको. मी हात लावायचा नाही."

"कोण म्हणालं असं?"

त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मग म्हणाले, "म्हणालं होतं कुणीतरी."

मित्रांनो, मी आयुष्यभर पाहत आले आहे की पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. माणसांचेही असे होत असेल, हे मला त्या दिवशी कळले. म्हणून तुम्हाला सांगते. कोणाला काम सांगाल तेव्हा पुरते सांगा. चुकलेल्या माणसावर ओरडण्याआधी आपण काय सांगितले होते, ते आठवून पाहा. आणि आपले चुकले असे वाटले, तर त्याच दिवशी जाऊन सांगा, ऐकणारा ओळखतो आहे तोवर.

मुंगीने आता इथेच काम धरले आहे. ती रोज आजोबांना माझ्यासमोर बसवते. माझ्यात अजून मासे नाहीत. कच्ची शिलाई चालू आहे. काल आजोबा टेपच्या तुकड्याकडे रोखून पाहत होते. मग म्हणाले, "एक सूत कमी आहे."

मुंगी उठली. तिने डब्यातून मग भरला आणि त्यांच्यापुढे धरला. "हे गोडं पाणी आहे, आजोबा. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं घालायचं. घालता?"

आजोबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "तू घाल," ते म्हणाले.

तिने घातले, खुणेपर्यंत. आजोबा पाहत राहिले. हात त्यांनी पुढे केला नाही, पण स्टूलही मागे सरकवले नाही.