नासलेल्या दुधाचं उदाहरण

सारजा पाचोडच्या मेंढपाळाच्या घरातली. चिकलठाण्याच्या एका छोट्या कंपनीत ती दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांसाठी प्रोग्राम लिहायची. कंपनी तो प्रोग्राम कोडसकट एका डेअरीच्या हवाली करणार होती, म्हणून कंपनी चालवणाऱ्या बद्रीनाथ सरांनी तिला चुका हाताळणाऱ्या मॅक्रोंवर टिपा लिहायला बसवलं. प्रत्येक टिपेखाली उदाहरण हवं, असंही सांगितलं.

मॅक्रो म्हणजे एकदाच लिहून ठेवलेला तुकडा; नुसतं नाव घातलं की तो तिथं चालतो. एक मॅक्रो चूक आली की भोंगा वाजवायचा. दुसरा चूक गिळून जुनाच आकडा दाखवत राहायचा. हा दुसरा कुठं कुठं वापरलाय ते शोधताना सारजा तापमानाच्या सेन्सरपाशी अडली. सेन्सर बंद पडला तरी पडद्यावर आधीचे चार अंशच दिसत राहणार होते.

मागच्या उन्हाळ्यात हाच प्रोग्राम चालू असताना डेअरीच्या लासूर स्टेशनच्या दूध संकलन केंद्रावर टाकीभर दूध नासलं होतं. टाकीवरच्या ऑपरेटरचं, सोनाजीचं, लक्ष नव्हतं, असं कंपनीनं डेअरीला कळवलं आणि त्याचं काम गेलं. सारजानं त्या दिवसाच्या नोंदी काढल्या. सलग सहा तास चार अंश, तसूभरही फरक नाही; म्हणजे सेन्सर बंदच होता.

तिनं तेच उदाहरण क्रमांक दोन म्हणून लिहिलं: 'हा मॅक्रो इथं वापरू नका. लासूरला वापरला होता, दूध नासलं. ऑपरेटरची चूक नव्हती.'

सरांनी ते खोडलं, मनानं काहीतरी रच म्हणाले. तिनं पुन्हा लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. तेव्हा त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"सारजा, काढ ते. आपल्या बारा जणांचं काम जाईल."

"सोनाजीचं गेलंच की, सर. मी काढणार नाय."

सरांनी ते स्वतःच काढलं आणि कोडला हात लावायची तिची परवानगीही बंद केली.

हवाली करायच्या दिवशी डेअरीच्या इंजिनिअर बाई टिपा वाचत होत्या. एकनंतर एकदम तीन कसं, दोन कुठंय, असं त्यांनी विचारलं. आकडा चुकला असेल, सर म्हणाले. मागं बसलेली सारजा उभी राहिली.

"मॅडम, दोन मी लिहिलं होतं. मला पाठ हाय."

तिनं तारीख, तास, सोनाजीचं नाव, सगळं सांगितलं.

डेअरीनं दुरुस्ती करून घेतली, टीप परत घालायला लावली आणि सोनाजीला कामावर बोलावलं. कंपनीचं काम टिकलं, पण सरांनी सारजाला तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं.

सोनाजीनं फोन केला. त्यानं विचारलं, ताई, आता तुमचं कसं?

"मी इथंच हाय," ती म्हणाली. "मला काढायचं आसंल तर कारण लिहून द्यावं लागंल सरान्ला."