साकवापलीकडची घरं

१९६८ सालच्या मार्चमधल्या एका मंगळवारी टेलरबाईंनी नगररचना कार्यालयातल्या लांब टेबलावर पसरलेलं कापड तळहातानं सारखं केलं, पिशवीतून चपटा खडू काढला आणि कालव्याच्या पलीकडे, दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक गोल ओढला.

“इथं मास्तर. दोन्ही पाय गेलेत. त्यांना लागून आंधळी आजी. मग दोन घरं सोडून...”

हात भराभर चालला होता. टेबलापलीकडे आरेखक उभा होता. कार्यालयातले सगळे नकाशे त्याच्याच हातून उतरत. आठवा गोल पडला तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला.

“बाई! अहो, मूळ नकाशा आहे हा!”

“म्हणून तर ह्याच्यावर दाखवते.”

“मूळ म्हणजे एकुलता एक! ह्याच्यावर कुणी खडू चालवतं का?”

टेलरबाईंनी काठ चिमटीत धरून चोळून पाहिला. “कापडच आहे की हे. तलम आहे, खळ दिलेलं.”

कापडच होतं. त्या काळी मूळ नकाशे खळीच्या कापडावर शाईनं काढत आणि त्यावरून निळ्या कागदावर प्रती घेत; कापडावरची प्रत्येक रेघ प्रतीत पांढरी उमटे. टेलरबाईंच्या बोटांना एवढंच कळलं होतं की समोर कापड आहे आणि ते कापलं जाणार आहे. मग आधी खुणा नकोत करायला? तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं!

त्यांच्या मागे त्यांची नणंद हातातली रिकामी पिशवी सावरत उभी होती. ती म्हणाली, “वहिनी, आता लगे हात बाह्यासुद्धा बेतून टाका नकाशाच्या.”

“वन्सं, गप्प बसा हो.” टेलरबाईंचे कान लाल झाले. खडू पिशवीत टाकत त्या आरेखकाला म्हणाल्या, “चुकलं माझं. सवयीनं झालं.”

आरेखकानं कापड ओढून घेतलं नाही. तो त्या आठ गोलांकडे पाहत होता.

“एकूण किती घरं?”

“एकोणीस.”

“मग पुरी करा,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “खराब झालाच आहे, तर अर्धवट कशाला?”

टेलरबाईंच्या दुकानामागच्या स्वयंपाकघरातून रोज साडेअकराला एकोणीस डबे निघत. खाटेला खिळलेल्या, घरात दुसरं कुणी नसलेल्या माणसांचे. रांधायला नणंद आणि गल्लीतल्या चौघी, पोचवायला ज्याला जमेल तो. अकरा वर्षं हे चाललं होतं. डबे कालव्यावरच्या साकवावरून जात. साकव म्हणजे धरायला कठडा असलेला, जेमतेम दोन माणसं मावतील एवढा पायपूल. पण पलीकडच्या पहिल्या दारापर्यंत दहा मिनिटं. आता नव्या आराखड्यात कालव्याच्या काठानं मोठा रस्ता होणार होता, रस्त्याच्या कडेनं सलग भिंत, आणि साकव जाणार होता. मग मोठ्या पुलावरून वळसा. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. सकाळी चार घरांची कामं उरकून धावत येणाऱ्या बायकांना तेवढा वेळ कुठून असणार? डबे बंद पडले असते, एवढं साधं ते गणित होतं.

एकोणिसावा गोल झाल्यावर टेलरबाईंनी स्वयंपाकघरापासून साकवावरून गल्लीगल्लीत फिरणारी एक तुटक रेघ मारली. कच्चा टाका घालावा तशी.

तेवढ्यात आतल्या खोलीतून साहेब आले. नगररचना अधिकारी होते, नवे होते, शिस्तीचे म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“संस्थेचं नाव?”

“नाव नाही ठेवलं,” टेलरबाई म्हणाल्या.

“नोंदणी क्रमांक?”

“तोही नाही.”

“मग आहे तरी काय?”

“एकोणीस डबे आहेत,” नणंद म्हणाली.

साहेबांना हसू आलं होतं की काय कोण जाणे. त्यांनी ते दाखवलं नाही. “हे बघा, गुरुवारी सुनावणी आहे. तिथं नोंदणी झालेल्या संस्थांनाच बोलता येतं. नियम मी केलेला नाही. तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकू शकता.” मग आरेखकाला म्हणाले, “हे पुसून घ्या. उद्या सकाळी प्रती काढायच्यात.”

“हो साहेब.”

जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. आरेखकानं कापडावर एक कोरा कागद अंथरला आणि छत्री उचलून तो जवळजवळ पळतच जिना उतरला.

“काय ही भूक!” नणंद म्हणाली. “आणि ते साहेब! उंटावरून शेळ्या हाकतात नुसते. वहिनी, गुरुवारी कशाला यायचं? आपली शोभा करून घ्यायला?”

“ऐकून तर येऊ. साकव गेला हे डबे पोचवणाऱ्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.”

गुरुवारी अकरा वाजता सभागृहात समितीचे सात सदस्य एका ओळीत बसले. प्रत्येकापुढे एक निळी प्रत होती. एकेक संस्था उठली. वाचनालयाला नवी जागा हवी होती, रक्तदान करणाऱ्यांना दवाखान्याजवळ एक खोली. ज्याचं त्याचं ऐकून साहेब “लेखी द्या” म्हणत होते. टेलरबाई शेवटच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. यादीतली नावं संपत आली.

तेव्हा सदस्यांमधले म्हातारे डॉक्टर आपली प्रत डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “हे कालव्यापलीकडे बटाटे कसले काढलेत?”

बाकीच्यांनी आपापली प्रत उचलली. निळ्या कागदावर पांढरे वेडेवाकडे गोल होते, आणि त्यांच्यामधून फिरणारी तुटक रेघ. साती प्रतींवर.

साहेबांनी भिंतीपाशी उभ्या आरेखकाकडे पाहिलं. “पुसलं नाहीत?”

“मेणाचा खडू होता, साहेब. कोरडं घासून निघेना. आणि पाणी लागलं की कापडाची खळ जाते.”

“पण आहे काय हे?” डॉक्टरांनी परत विचारलं.

साहेबांनी एकदा हातातल्या यादीकडे पाहिलं, मग मागच्या बाकाकडे. ती यादी त्यांनी टेबलावर पालथी ठेवली.

“ते ह्या बाई सांगतील,” ते म्हणाले. “या, पुढे या.”

टेलरबाई पुढे आल्या. भाषण त्यांना येत नव्हतं. त्या घरं सांगत गेल्या. कुणाला चावता येत नाही, कुणाचं दार कसं उघडावं लागतं, कोण डब्यापेक्षा डबा आणणाऱ्याची वाट बघतं.

“म्हणजे तुमचा रस्त्याला विरोध आहे,” एक सदस्य म्हणाला.

“छे हो! रस्ता हवाच. आमच्या माणसांना न्यायला आज तिथं गाडीसुद्धा येत नाही. साकव तेवढा राहू द्या आणि भिंतीत एक दार ठेवा. कापड कितीही भारी असो, सदऱ्याला गळा नको का? डोकं आत जाणार कुठून?”

पहिल्यांदा डॉक्टर हसले, मग सगळेच. साहेब हसले नाहीत. ते प्रतीवर बोट ठेवून रेघ कुठून कुठे जाते ते बघत होते.

“हे आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं,” ते हळूच म्हणाले.

“कुणी विचारलं नव्हतं, साहेब.”

डॉक्टर पेन्सिलीच्या टोकानं मोजत होते. “एकोणीस म्हणालात ना, बाई? इथं तर वीस आहेत.”

टेलरबाई वाकल्या. तिसऱ्या गल्लीच्या शेवटी, जिथं त्यांचा डबा कधी गेला नव्हता, तिथं एक गोल होता. बाकीचे एकोणीस हातानं काढलेले, दबलेले, फुगलेले. हा मात्र कंपासनं काढावा तसा गोल गरगरीत. त्यांनी मान वर केली. भिंतीपाशी आरेखक आपल्या चपलांकडे बघत उभा होता.

“वीसच आहेत,” टेलरबाई म्हणाल्या. “माझीच मोजणी चुकली.”

बाहेर जिन्यात नणंदेनं त्यांचा दंड धरला. “वहिनी, विसावा कोणाचा? मी रोज हातानं भरते डबे, मला माहीत नको?”

“उद्यापासून भरा.”

आरेखक कागदांची गुंडाळी घेऊन खाली येत होता. त्या दोघींना बघून तो पायरीवर थबकला. टेलरबाईंनी कोण, काय ते विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, “जेवण घट्ट चालतं की पातळ?”

त्यानं गुंडाळीचा दोरा सोडला, परत बांधला.

“पातळ,” तो म्हणाला. “गिळवत नाही तिला. सहा वर्षं झाली.” मग जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला, “मी नुसता नकाशा काढतो, बाई. ठरवत नाही.”

“माहीत आहे,” टेलरबाई म्हणाल्या.

साकव राहिला. भिंतीत दार ठेवलं गेलं, आणि उतरायला पायऱ्यांऐवजी उतार, कारण साहेबांनी स्वतः एक दिवस डबेवाल्यांबरोबर सगळ्या गल्ल्या पायी हिंडून पाहिल्या. आराखड्याच्या पहिल्या बैठकीलाच अशा मंडळींना बोलवायचं, नोंदणी असो वा नसो, असं त्यांनी आपल्या हातानं लिहून ठेवलं. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. नव्या गावीही त्यांनी पहिल्याच महिन्यात हेच केलं म्हणे, आणि तिथल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पण ते हटले नाहीत.

टेलरबाई पुढे चौदा वर्षं त्या बैठकीला बसल्या. शेवटी शेवटी सुईत दोरा ओवायला दिसेना, तरी कोणत्या गल्लीत कोण पडून आहे हे त्यांना विचारल्यावाचून रेघ पुढे सरकत नसे. डब्यांच्या मंडळाला नाव मात्र त्यांनी ठेवूच दिलं नाही. नाव ठेवलं की अध्यक्ष लागतो, म्हणायच्या.

म्हातारे डॉक्टर पुढे स्वतःच डब्यांच्या यादीत आले. जेवणाला रोज नावं ठेवायचे आणि डबा चाटूनपुसून परत पाठवायचे.

आरेखकाची बायको चौथ्या वर्षी गेली. डबा बंद करा, असं कुणी सांगायला आलं नाही, आणि नणंद वीसच भरत राहिली. दोन आठवड्यांनी साडेअकराला तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, हातात काहीच नव्हतं. चौघी जणी काम थांबवून त्याच्याकडे बघत राहिल्या. नणंदेनं मान वर केली नाही. पाच डबे पिशवीत घातले आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

“तिसरी गल्ली तुमची,” ती म्हणाली. “रेंगाळू नका वाटेत. निवतं हो सगळं.”