आष्ट्याचा गुप्तहेर आणि खोडरबर

मित्रांनो, मी एक जुना, बराच खोडलेला जाड कागद आहे. खेळणारे मला कार्ड म्हणतात. माझा जन्म आष्ट्यात, कुतुबुद्दीन यांच्या छापखान्यात झाला. एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या मामांचं नाव छापायचं राहून गेलं. मामा रुसले आणि सगळा गठ्ठा बाद झाला. त्या गठ्ठ्यातून कुतुबुद्दीन यांच्या मुलाने, रिजवानने, मला कापलं. माझ्या पाठीवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ असं छापलेलं आहे. पोटावर त्याने पेन्सिलीने लिहिलं: ‘गुप्तहेर’.

रिजवानने टेबलाभोवती बसून खेळायचा एक खेळ तयार केला होता. त्यात सूत्रधार गोष्ट सांगतो आणि बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. पात्राला काय येतं ते कार्डावर लिहिलेलं असतं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधार अर्थातच रिजवान. त्याची बहीण परवीन वैदू झाली. त्याचा मित्र राजवर्धन उसाच्या रानातून थेट यायचा, तो योद्धा झाला. परवीनच्या कॉलेजातल्या अंकिताने मला उचललं.

“मी गुप्तहेर. दुसरं कायबी नको,” ती म्हणाली. मला फार बरं वाटलं.

ते फार काळ टिकलं नाही. माझ्यावर नियम होता की पुरावा शोधायला फासा टाकायचा आणि मोठा आकडा आला तरच पुरावा सापडायचा. अंकिताला मोठा आकडा कधी आला नाही. पुरावा नाही म्हणजे गोष्ट जागीच थांबायची. मग राजवर्धन जांभई देऊन म्हणायचा, “मी दार तोडतो गड्या. मागं कायतरी असंलच.”

दारामागे काहीतरी असायचंच.

“मग मी कशाला हाय हितं?” अंकिता विचारायची.

“तुटलेली दारं मोजायला,” राजवर्धन म्हणायचा.

रिजवानने खोडरबर घेतला. तो नियम पुसून त्याने मला तीक्ष्ण नजर, तल्लख कान, वासावरून माग अशा इतक्या शक्ती दिल्या की लिहायला जागा पुरेना. पुढच्या रविवारी अंकिताने खुनी लगेच पकडला. परवीनची भजी अजून कढईतच होती.

“आता काय करायचं?” परवीनने झारा हातात धरूनच विचारलं. “भजी खाऊन घरी जायचं?”

पुन्हा खोडरबर फिरला. आता गुप्तहेराला पूर्ण खेळात एकच प्रश्न विचारता येणार होता. तो प्रश्न कोणता, याचा अंकिता इतका विचार करत बसली की राजवर्धन झोपला आणि घोरू लागला.

त्याच सुमारास साताऱ्याच्या एका मेळाव्यात खेळ मांडायला रिजवानला टेबल मिळालं. तिथे फसलेलं पात्र न्यायला तो तयार नव्हता.

“गुप्तहेर काढूनच टाकतो,” त्याने जाहीर केलं. “अंकिता, तू दुसरा योद्धा हो.”

“दारं तोडायला येत न्हाई मी हितं,” अंकिता म्हणाली. “गुप्तहेर न्हाई, तर मीबी न्हाई. साताऱ्याला तुमचं तुमी जावा.”

कोपऱ्यातलं रद्दीचं पोतं मला एकदम जवळ वाटू लागलं.

परवीनने मध्ये पडून एक शेवटचा डाव मांडायला लावला. किल्लेदाराच्या खुनाची गोष्ट होती. अंकिताने रागात ती धड ऐकलीच नाही. मध्येच उठून ती म्हणाली, “आचाऱ्यानं त्याला विहिरीत ढकललं. संपलं. निघते मी.”

“आगं, विहिरीत कसा ढकलंल?” रिजवान उसळला. आपल्या गोष्टीबद्दल कुणी चुकीचं बोललेलं त्याला खपत नसे. “विहीर कवाच बुजवलीया! आणि आचारी गडावर न्हवताच, बाजाराला गेलता. वर एकटा कारकून...”

एवढं बोलून त्याने स्वतःचं तोंड दाबलं.

परवीन हसून हसून टेबलावर पडली. “भाई, फासा न टाकता सगळा गड दिलास की तिला!”

“ही तर आपल्या स्टँडवरची तऱ्हा,” राजवर्धन म्हणाला. “अमक्याचं घर कुठं म्हणून इचारलं, तर माणूस आपल्यालाच इचारतोय, तुमी कुठलं, कुणाचं पाव्हणं? पण नुसतं म्हणा, त्येंनी घर इकलं म्हणं. चारजण धावत येत्यात. इकलं न्हाई, भाड्यानं दिलंय, आणि भाडेकरूची सासुरवाडी कुठली, तेबी सांगत्यात.”

अंकिता परत खाली बसली. रिजवानने मला पुसून नवा नियम लिहिला: ‘गुप्तहेराने ठासून चुकीचं बोलावं. सूत्रधाराने एक खरी गोष्ट सांगून ते दुरुस्त करावं.’

साताऱ्यात मात्र निराळीच अडचण आली. तिथे खेळ तयार करणाऱ्याने सूत्रधार व्हायचं नाही, अशी रीत होती. आमच्या टेबलावर सूत्रधार म्हणून मानसिंग नावाचे निवृत्त सुभेदार बसले. नवी गोष्ट गडावरच्या खजिन्याच्या चोरीची होती.

“खजिना भटारखान्यातनं गेला,” अंकिता ठासून म्हणाली.

“चूक,” मानसिंग म्हणाले. “चूक हाय, ही खरी गोष्ट. सांगितली. पुढं?”

नियम पाळला गेला होता आणि हाती काहीच आलं नव्हतं. रिजवानचा चेहरा उतरला. त्याने खिशातला खोडरबर चाचपलेला मी पाहिला.

अंकिताने मानसिंगांच्या मिशांकडे निरखून पाहिलं. “मग गडावरचा सुभेदार पळाला असणार,” ती म्हणाली. “भ्याला असंल.”

खुर्ची करकरली. “भ्याला? आवं बाई, सुभेदार पळत नसतो! तो मागच्या दरवाजाला खडा पहारा देत हुता! पेटी घिऊन कारकून तिथनंच निसटाय बघत हुता, त्यानंच धरून ठिवलाय त्याला!”

मग त्यांनी हातातल्या गोष्टीच्या कागदाकडे पाहिलं. “हे सांगायचं न्हवतं वाटतं.”

“आवं काका,” रिजवान म्हणाला, “हेच सांगायचं हुतं!”

गुप्तहेर खेळात राहिला. त्याची रंगीत, गुळगुळीत कार्डं छापून झाली. आता राजवर्धनलाही गुप्तहेरच व्हायचं असतं. अंकिता त्याला नवं कार्ड देते, मला देत नाही.

मित्रांनो, तुमच्या खेळात एखाद्याचं जमत नसेल, तर त्याला उठवू नका. त्याचं काम पुन्हा लिहून बघा. लिहिताना खोडरबर मात्र हळू फिरवा. मी मधोमध फार पातळ झालो आहे. आणखी एक सुधारणा झाली, तर अंकिताला माझ्यातून थेट चोर दिसेल.