शिकाऊ भिंतीतली वीट

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका, मग माझी चौकशी करा. यंदा वर्गात आलेली ती मुलगी, मी तिला धांदलच म्हणते, मला पाणी न पाजताच भिंतीत बसवायची. दारी आलेल्या परक्यालाही आपण पाणी विचारतो. मी तर घरची, त्यातून वयानं मोठी.

मी एक जुनी वीट आहे. भट्टीतून निघाले तेव्हा ठोकली तर भांड्यासारखी वाजायचे. वाटलं, कुणाच्या तरी स्वयंपाकघराची भिंत होईन. नशिबात आली गवंडीकामाची शाळा. इथे दिवसा भिंत उभी राहते, मास्तर ओळंबा लावून नाक मुरडतात, आणि संध्याकाळी ती पाडतात. अंगावरचा चुना-वाळूचा माल, विटा जोडायचा लगदा, खरवडला की मी पुन्हा हजर. माझ्या बरोबरीच्या आपापल्या घरी नांदत आहेत, मी मात्र माहेरीच. पण मानानं. माझ्यावर हात बसवून गेलेला कुणी आज फरशीचा कारागीर आहे, कुणी साइटवर सुपरवायझर, कुणी स्वतः कामं घेतो. भेटायला येतात ते मास्तरांना. मला कोण ओळखतो? तरी मी त्यांच्या गप्पांना कान लावून असायचे. न पाडलेली भिंत दिवसभर करते तरी काय, हे मला फार दिवस जाणून घ्यायचं होतं.

तर ही धांदल. आधी साइटवर बिगारी होती, डोक्यावर विटा वाहायची. हात झपाट्याचा, पण विटा भिजवायच्या हौदाकडे जायचं नाव नाही.

मास्तर म्हणाले, "विटा भिजवायचं तुला एवढं काय ओझं वाटतं?"

"ओझंच आहे, मास्तर. ओल्या विटा डोक्यावर घेऊन एकदा जिना चढून बघा."

माझं वजन कुणाच्या मानेवर पडतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मग परीक्षा आली. कंत्राटदार बाईंना एकच गवंडी निवडायचा होता. निवड झाली नाही तर धांदलच्या डोक्यावर पुन्हा घमेलं, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. माल या वेळी सिमेंटचा होता. धांदलची भिंत सगळ्यांच्या पुढे गेली. वरच्या थरात तिनं मला बसवलं, जरा वाकडी. सरळ करायला गेली तर मी हलेना.

"हा माल एवढ्यात कसा आळला?"

"वीट कोरडी होती. मालातलं पाणी पिऊन बसली. आता तो घट्ट वाटेल, पण धरणार नाही," मास्तर म्हणाले.

तिनं उपटलं तशी मी सुटून आले. माल खाली भुरभुरला. तिनं सगळी भिंत पाडली आणि विटा डोक्यावर घेऊन हौदाकडे निघाली.

"झाली बघा पुन्हा बिगारी," कुणीतरी हसलं.

"हस. दात कोरडे पडतील," ती म्हणाली.

वेळ संपली तेव्हा तिची भिंत गुडघ्याएवढीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. उंची बघितलीच नाही, प्रत्येक भिंतीची वरची वीट धरून हलवली. सगळ्यात उंच भिंतीची वीट हातात आली. मग त्यांनी धांदलच्या भिंतीत वर बसलेल्या मला धरलं. मी जागची हलले नाही. पोटभर प्यायले होते, का हलू?

"मास्तर सांगत होते, काल पाडलीस ना गं?"

"चुकली होती."

"परवापासून ये. हजेरी गवंड्याची लावीन."

मास्तरांनी ती भिंत पाडली नाही. आता नवी मुलं जेवणाच्या सुट्टीत माझ्यावर बसतात आणि भांडतात. न पाडलेली भिंत हेच करत असेल, तर वाईट नाही. मित्रांनो, बसा खुशाल, फक्त थाप्या माझ्यावर आपटू नका.

धांदल निघाली तेव्हा मी तिला मोठ्यानं सांगितलं, "काम चोख केलंस, नाकारत नाही. पण उद्या तुझ्या हाताखाली विटा वाहणाऱ्या बाया येतील. त्यातल्या एकीच्या तरी हातात गवंड्याची थापी दे. तेव्हा तुला गवंडी म्हणेन, तोवर नाही."