बस आणि बसा

सासूबाईंनी पेट्रोलचा डबा तिसऱ्यांदा उचलून भिंतीकडे नेला. जावयाने तो तिसऱ्यांदा नेमका पळवाटेत आणून ठेवला होता.

"अहो जावईबापू, ही वाट मोकळी असू द्या. झाड सुटलं की तुम्हाला इथूनच तिरकं मागे सरायचंय."

"हो आई, बघतो," जावई म्हणाला, आणि बघितलं ते मोबाइलमध्ये.

दवाखान्याच्या मागच्या आवारात दोन निलगिरी वादळापासून ओणवल्या होत्या. समोर मोकळं मैदान. बघणाऱ्याला वाटावं, ढकललं तरी पडतील. पण चाळीस वर्षं नवऱ्याच्या कामावर इशाऱ्याला उभं राहून सासूबाईंना एक कळलं होतं, उभं झाड परवडलं, ओणवं नको. त्याच्या पाठीत ताण भरलेला असतो. मागून सरळ कापत गेलं, तर खोड अर्ध्यावरच उभं फाटतं आणि बुडखा उसळून कापणाऱ्याच्या छातीवर येतो. म्हणून आधी झुकल्या बाजूला खाच घ्यायची. मग पातं खोडाच्या पोटात आरपार घालायचं, पुढे बिजागरीपुरतं लाकूड राखून आणि मागे चार बोटांची पट्टी सोडून. ती पट्टी झाड धरून ठेवते. ती अगदी शेवटी, बाजूला उभं राहून कापायची.

सगळे ज्यांना उस्ताद म्हणत, त्या त्यांच्या नवऱ्याचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते. झाडं कापायचं मशीन जावयाकडे गेलं होतं. जीभ तेवढी उस्तादांकडे राहिली होती.

"पट्टी राखा," ते खुर्चीतून म्हणाले.

"बाबा, टोक आत घालताना मशीन उसळतं. मी मागूनच कापतो. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटंच लागतात. घरच्यांना मग जन्म पुरत नाही."

जावयाने कानांवरचं झाकण गळ्यात ओढलं, उकडत होतं म्हणे, आणि मशीन सुरू केलं. पोटचा मुलगा असता तर सासूबाईंनी कान धरून बाजूला केला असता. जावयावर रागवायचं तर 'अहो'पासून सुरुवात, आणि 'अहो'ने सुरू झालेल्या रागाची, वाक्य संपेपर्यंत, विनंती होऊन जाते.

त्या आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. इथून खोड आणि शेंडा दोन्ही दिसत. त्यांचा इशारा ठरलेला होता: 'बस'. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी त्या 'पुरे' म्हणून ओरडल्या होत्या, उस्तादांना 'पुढे' ऐकू आलं आणि एका भल्या माणसाचं न्हाणीघर आडवं झालं. आतला माणूस साबणासकट बाहेर पळाला. तेव्हापासून 'पुरे' बंद. मशीनच्या आवाजातही 'बस' टोकदार ऐकू येतं.

खाच झाली. जावई मागे आला आणि सरळ कापत सुटला. पातं अर्ध्यावर गेलं न गेलं, तोच खोडावर वर चढणारी एक बारीक काळी रेघ सासूबाईंना दिसली.

"बस!"

आणि जावई मटकन खाली बसला.

खोड कडाडून फाटलं. बुडखा मागे उसळला आणि जिथे घटकेपूर्वी जावयाची छाती होती, तिथून हवा कापत गेला. झाड मैदानात आदळलं. मशीन कुठेतरी लांब बंद पडलं. धुरळ्यात जावई तसाच उकिडवा होता, दोन्ही हात डोक्यावर.

थोड्या वेळाने त्याने बायकोला फोन लावला. "अगं, आईंनी वाचवलं मला! बरोबर वेळेला बसायला सांगितलं. काय नजर आहे!" मग सासूबाईंकडे वळून तो म्हणाला, "चुकलं माझं. आता तुमचाच शब्द. बस म्हणालात की बसलो."

त्याच्याकडून त्यांनी असं कधी ऐकलं नव्हतं. उस्तादांनी त्यांना खुणेनं जवळ बोलावलं.

"सांगू नकोस," ते कुजबुजले. "सात वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय तो."

"आणि पुढच्या झाडाला?"

उस्तादांनी मान वळवून पाहिलं. दुसरी निलगिरी पहिलीपेक्षा जाड होती.

सासूबाई जावयासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला बसायला सांगायचं असतं, तर मी 'बसा' नसते का म्हणाले? कधी अरे-तुरे केलंय तुम्हाला?"

जावई हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"म्हणजे?"

"म्हणजे पुरे करा, मशीन सोडा आणि पळा. बसून वाचलात ते नशीब. पुन्हा बसलात तर तिथेच राहाल. इशारा तुम्हाला सांगितलाच नव्हता, ती चूक माझी. तुम्ही विचारलाही नाहीत."

उस्तादांनी कपाळावर हात मारला.

जावई फाटलेल्या खोडाशी गेला. वरपासून खालपर्यंत त्याने हात फिरवला.

"पट्टी किती म्हणालात, बाबा?"

"चार बोटं."

"आणि आई, आता काय म्हणाल?"

"थांबा म्हणेन."

"थांबा नको," तो म्हणाला. "त्या 'बा'पर्यंत उशीर होईल."

दुसऱ्या झाडाला खाच घेऊन झाल्यावर त्याने पात्याच्या टोकाचा खालचा भाग आधी लावला, टोक अलगद आत नेलं. मशीन उसळलं नाही. पातं पलीकडे निघालं आणि तो मागच्या बाजूला सरकत कापू लागला. पट्टी उरली सहा बोटं. पाच.

"थांब! थांब रे मूर्खा!"

उस्ताद खुर्चीत दचकले. मशीन बंद झालं. शांततेत सासूबाईंना आपलाच शब्द ऐकू आला आणि त्यांनी पदर तोंडाशी नेला.

जावयाने वाकून पट्टीवर बोटं टेकवली. मोजून चार. मग तो बाजूला सरकला, मागची वाट एकदा बघून घेतली, आणि त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला.

"सांग आई," तो म्हणाला, "आता कापू?"